सगळे बाण आईकडे

माझं काम सांगायला सोपं आहे, पण आमच्या देवबागात ते कुणाला पटत नाही. कारखान्यात एक गोष्ट घडली की पुढे काय करायचं, हे मी नॉलेज ग्राफमध्ये मांडतो. प्रत्येक गोष्टीचा एक गोल, गोलांना जोडणारे बाण, आणि बाणावर तो कधी चालायचा याचा नियम. बाबा त्याला गोल काढायची नोकरी म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात बहिणीचं दुसरं बाळंतपण नाशिकला सासरीच ठरलं. आईला जायचं होतं. पण नेमका तेव्हाच आमच्या होमस्टेचा हंगाम, आणि स्वयंपाकघर सगळं आईच्या हातात. मी ऐटीत म्हटलं, "तुझ्या सैपाकाचो ग्राफ करतंय. तो बघून बाबा नि मी चलवतो." तिने लगेच माळ्यावरची बॅग उतरवली.

आई सांगत गेली, मी मांडत गेलो; सुरुवात झकास झाली. सोमवार असेल तर मासे बंद, काळ्या वाटाण्यांची उसळ. मग गाडी अडली. सोलकढीत मिरची किती? "पावण्याचा तोंड बघून." सुकटीची किसमूर, म्हणजे सुक्या जवळ्याची कोशिंबीर, कधी वाढायची? "मागल्यान तर वाढू नको. नाय मागल्यान तर वाढ." हा नियम कुठल्याही संगणकाच्या बापाला कळला नसता. त्यामुळे जिथे अडेल तिथून मी एक बाण काढायचो आणि त्यावर लिहायचो, 'आईला विचारा'.

संध्याकाळी आई-बाबांना ग्राफ दाखवला. मधोमध आईचा गोल आणि चहूकडून त्यात घुसणारे बाण. मला वाटलं, एवढा मान तिला आजवर कुणी दिला नसेल. बाबाही खूश होऊन म्हणाले, "बघ, तुझ्याशिवाय हय पान हलणा नाय."

कौतुकाने आईचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मगे मी जावचा कसा?" तिने विचारलं.

मला फार वाईट वाटलं. ती पडद्यावरच्या स्वतःच्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "माका थंयसून काढ."

मी गोल पुसायला घेतला. संगणकाने विचारलं, याला जोडलेले सगळे बाणही जातील, चालेल का? मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"जरा थांब रे," बाबा म्हणाले.

"व्हय म्हण," आई म्हणाली आणि साड्या काढायला आत गेली.