कासवाचे उत्तर

नातीच्या शाळेतील मुखवट्यासाठी आज घरात मैद्याची खळ शिजली, आणि त्या वासासरशी मी धायरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पोहोचलो. मुलांचे टीव्ही-कार्यक्रम करण्यासाठी सुमतीबाईंनी तेथे कंपनी काढली होती. पहिले कंत्राट त्या दिवशी ठरायचे होते. बाहुल्यांचा नमुना-भाग पाहून वाहिनीचे अधिकारी म्हणाले, "कासव फार सावकाश बोलतंय. मुलं एवढी थांबायची नाहीत."

संवाद मी लिहिलेले होते. मी मान खाली घातली.

सुमतीबाईंनी कागदी लगद्याचे ते कासव शांतपणे हातावर चढवले. त्याने हळूहळू मान वळवून साहेबांकडे पाहिले आणि पुष्कळ वेळाने म्हटले, "साहेब, आपण... थांबलात की."

साहेबांनी हसतच सही केली. तेव्हा मला तो अविनय वाटला होता. आता वाटते, त्या कंपनीची प्राणप्रतिष्ठा त्याच क्षणी झाली.