न झाडलेला गोठा

अजून कुठं तान्हं रडलं की मला ती भिसेगावची केस आठवते. मी तेव्हा पोलिसात शिपाई होते, सातवी पास, नोकरीला पाच महिने झालेले, आणि घरी माझा पोरगा दहा महिन्यांचा. मालक एसआरपीत, कायम कुठंतरी बंदोबस्तावर, महिन्यातनं एक पत्र यायचं. पोराला पोलीस लाईनीतल्या मावशीकडं टाकायचं आणि ठाण्यात यायचं. दुपारपर्यंत खाकी साडी पुढनं ओली व्हायची, मग मी फाईल छातीशी धरून बसायची. आता मी नोकरी सोडली म्हणून लिहिते, नाव कुणाचं लिहीत नाय.

खालापूरकडची एक पोरगी आली होती, माझ्याच वयाची. नवऱ्याशी भांडून माहेरी राहिलेली, आणि नवरा येऊन आठ महिन्यांचं बाळ उचलून घेऊन गेला. चार दिवस झाले. हवालदार बोलले, "अगं बाप हाय तो, चोर हाय का?" ती रडली नाय. ती एवढंच बोलली, "माझं पोर वरचं दूध घेत नाय. वाटीनं नाय, बाटलीनं नाय. ते अजून हाय का तेवढं बघा." मग फौजदार साहेबांनी तक्रार लिहून घेतली. मी फाईल अजून घट्ट धरली.

खबर मिळाली ती कोंडाण्याकडनं मोळी विकायला येणाऱ्या ठाकरीण बाईकडनं. ठाण्यासमोर चहाच्या टपरीवर मोळी टाकताना ती हवालदारांना बोलली, "भिसेगावात अमकीच्या परसात भाडेकरी हायेत, बाप्या नि बाई. बाईच्या हातात पोर हाय पर ती आई नाय."

"तुला काय ठावं?"

"पोर रडतंय नि ती दाराकडं बघतेय. आई पोराकडं बघंल का दाराकडं?"

आमी लगेच गेलो, मी पण, बाईमाणूस लागतं म्हणून. तर ते राहायचे त्या परसातल्या गोठ्याला बाहेरनं कडी. सकाळीच निघून गेलेले.

तो गोठा म्हणजे आधी खरंच गोठा. ज्यांचं ते घर आणि परस, त्या ताईंचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातनं एकदा घरी, मूलबाळ नाय, सासू गेली. एकटीनं गुरं कोण बघणार, म्हणून विकली. मग त्यांनी स्वतः गव्हाण फोडली, मुताची नाळ माती भरून बुजवली, भिंतीला आतनं कूड लिंपला, पत्र्याचं दार बसवलं, एक खाट टाकली, एक माठ, एक कंदील. मुंबईची माणसं सुट्टीला यायची, कुणी जमीन बघायला यायचं, दोन दिवस, चार दिवस राहायची आणि जायची. आसपास सगळे हसायचे, गोठ्यात माणसं बांधली म्हणायचे.

ताईंना ठाण्यात आणलं आणि बाकावर बसवलं. मी शेजारी. साहेबांनी विचारायला घेतलं.

"नाव काय सांगितलं त्यांनी?"

त्यांनी नाव सांगितलं. ते खोटं निघालं.

"गेले कुठं?"

"नाय ठाऊक."

"चार दिवस तुमच्या परसात राहिले. तो माणूस रोज सकाळी बाहेर जायचा. कुठं जायचा?"

"नाय विचारलं साहेब."

"एकदा पण नाही?"

"बाहेर निघालेल्या माणसाला कुठं चाललास असं कसं विचारायचं? त्याचं काम होत नाय."

साहेब पेन ठेवून हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. बोलले, "बाई, आमच्या घरी पण विचारत नाहीत. पण माझ्या घरी चोरलेलं पोर नव्हतं. तुम्ही त्याच्या नात्यातल्या का?"

"नाय."

"मग पैशासाठी?"

"आमचे मालक पाठवतात. पैशाला कमी नाय."

"मग गोठा भाड्यानं द्यायचं कारण काय?"

ताई खाली बघून बोलल्या, "मागं कुणी असलं की मागं पण कंदील लागतो. कुणी खोकतं. भांडं पडतं. मग मला झोप लागते."

साहेबांना हे पटलं नाय. साहेबांचं पण बरोबर होतं, चार दिवसांचं पोर-प्रकरण, बाई म्हणते मला नाय ठाऊक, कुणाला पटंल. ते बोलले, खरं सांगेपर्यंत घरी जायचं नाही, गरज पडली तर आरोपीत नाव घालीन. आणि बाहेर गेले. पलीकडच्या खोलीत ती खालापूरकडची पोरगी बसलेली, भिंतीला डोकं लावून. मला वाटलं बाळ गेलं असणार, आणि ते आपल्यालाच उचलून आणायला लागणार.

ताई मला हळूच बोलल्या, "बाय, ते पोर मी मांडीवर घेतलं होतं गं. काल माझ्याकडनं दोन बोटं पेज चाटली. ती बाई बोलली मला दूध आटलंय. मला काय कळतंय त्यातलं. मला वाटलं असंल."

मी विचारलं, "जाताना काय बोलले का?"

"येतो बोलले. मी पोराचा पाय धरला, बोलले परत या. म्हणून तर झाडलं नाय अजून."

"काय झाडलं नाय?"

"गोठा. माणूस गेल्यावर लगेच केर काढत नाय ना. एरवी मी दुसऱ्या दिवशी काढते. या वेळेला मी मनाशी बोलले, चार दिवस हातच लावायचा नाय. परत यायला पायजे ते पोर."

मी उठले. साहेबांसमोर आजवर जय हिंद सोडून एक शब्द मी आपणहून बोलले नव्हते, पण आता बोलले, साहेब, गोठा झाडलेला नाय, चार दिवसांचा कचरा तसाच हाय. हवालदार बोलले, "साहेब, गोठ्याला कुलूप घालायला आपला माणूस गेलाय तेवढंच, आत कोण गेलं नाय."

दोन पंच घेतले आणि गेलो. मी खाटेखाली वाकले. शेंगांची फोलं, विडीची थोटकं, आंबलेल्या दुधाची बाटली, अर्ध्याहून जास्त भरलेली, वर साय धरलेली. ती बघून मला भडभडून आलं. आणि भिंतीकडंला चुरगळलेली एसटीची तिकिटं, सात. हवालदारांनी एकेक उलगडून खाकी पँटच्या मांडीवर सरळ केली. तिकिटावर नंबर असतो, डेपोत दाखवला की तो गठ्ठा कुठल्या कंडक्टरकडं, कुठल्या गाडीवर होता ते निघतं. पंचनाम्यात सात तिकिटं लिहिली. हवालदार बोलले, "बायको केर काढत नाय म्हणून मी घरी रोज बोंबलतो. आता काय तोंडानं बोलू."

डेपोत कंडक्टर सापडला. त्याला माणूस आठवत होता, रोज सकाळच्या गाडीला मोहोपाड्याला उतरणारा, डबा घेऊन, कुणाशी न बोलणारा. आज मात्र बाई आणि पोर बरोबर होतं, पोर झोपलेलं. साहेबांनी विचारलं, झोपलेलं का? कंडक्टर बोलला, हालत नव्हतं एवढं बघितलं.



मोहोपाड्यात कंपनीच्या कॉलनीमागं चाळी हायेत, कंत्राटातल्या माणसांच्या. कंपनीच्या गेटवर त्याचं खरं नाव सांगितलं, तर तिसरं दार दाखवलं. तो माणूस आम्हाला बघून पळाला नाय, उंबऱ्यातच बसला. बोलला, "माझं पोर हाय, मी चोरलं नाय, ती मला दाखवत नव्हती." आत त्याची बहीण, गोठ्यात राहिलेली बाई तीच, मांडीवर बाळ, चमच्यानं पाणी सोडत होती ते ओघळून खाली येत होतं. "घेतच नाय ओ," ती मला बोलली, पोलिसाला नाय, मला. "काय करू, काल रडत तरी होतं."

मी बाळ घेतलं. हलकं, आणि ओठ सुकून पांढरे. आई ठाण्यात, तासाभराच्या रस्त्यावर. मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः दाराकडं पाठ करून उभे राहिले. मी भिंतीकडं तोंड करून बसले. आधी त्यानं धरलंच नाय. मी बोट ओलं करून ओठाला लावलं, परत लावलं. मग धरलं. एकदा ओढलं, थांबलं, परत ओढलं. मला माझा पोरगा आठवला, तो त्या वेळेला मावशीकडं भाताची पेज खात असणार.

हे कागदावर नाय. कागदावर बालक ताब्यात घेऊन मातेच्या स्वाधीन केले असं हाय.

आईनं ठाण्यात बाळ घेतलं, छातीशी लावलं, त्याचं तोंड हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं. तिला कळलं असणार.

ताई अजून बाकावरच होत्या. साहेबांनी त्यांचा जबाब वाचून दाखवला, सही घेतली, बोलले, "जा घरी. ह्याच्यापुढं भाडेकरी ठेवला की आधी ठाण्यात कळवायचं." त्या उठल्या आणि बाळाजवळ गेल्या, नुसतं बघायला. आईनं पदर ओढून बाळाचं तोंड झाकलं. तिची चूक नाय, मी असते तर मी पण झाकलं असतं. ताई परत बाकावर येऊन बसल्या.

त्या केसनं मला एक शिकवलं. आमी विचारत होतो, काय ठाऊक हाय ते सांग. त्या बाईला काय ठाऊक नव्हतं. तिनं काय करायचं सोडून दिलं होतं आणि कशासाठी, ते कुणी विचारलं नाय, म्हणून अर्धा दिवस गेला. पुढं मी कुणाजवळ पण बसले की तेच विचारायची, रोजचं काय केलं नाय आज. त्यात माणूस सापडतो.

संध्याकाळी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. बाकावर बसल्या बसल्या मी घरचं थोडं सांगितलं होतं, ते धरून त्या बोलल्या, "बाय, तुझं पण तान्हं हाय ना? मालक बाहेर असतात ना तुझे?"

"हाय."

"मग तू ये की राहायला गोठ्यात. भाडं नको मला. पोराला मी बघीन, तू कामाला जा."

माझी दुसरीकडं बदली निघाली होती, चारच दिवस उरले होते. मी बोलले, बघते.

त्या एवढ्यावरच इतक्या खूश झाल्या, पाणी कुठनं भरायचं, पाळणा कुठल्या वाशाला बांधायचा ते सांगायला लागल्या, आणि मी शेवटपर्यंत हं हं करत राहिले.