अंगणातलं पेव

डब्यातल्या जुन्या ज्वारीचा कुबट वास आला, की निजामाच्या काळातलं आमचं तीर्थपुरीचं घर आठवतं. वडिलांनी ते एका सोनाराकडून घेतलेलं. अंगणात धान्य साठवायचं खोल पेव होतं. तोंडावर शिळा, वरून मातीचं लिंपण.

वडिलांनी शिळा सरकवली. आत कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून आधी दोरीनं कंदील सोडला. तळाशी जाऊन तो विझला, पण त्याआधी गोधडी दिसली, पाण्याची घागर आणि एक इवलंसं झबलं.

शेजारचे रहीमचाचा मागं येऊन उभे होते.

"दरोडेखोर आल्ते तवा सोनाराची सून अन् लेकरू मीच आत उतरवलं," ते म्हणाले. "भरलेलं पेव वाटावं म्हणून वरून लिंपलं. घंटाभरात काढणार होतो."

"मंग?" आईनं विचारलं.

"बराबर घंटाभरात काढलं, भाभी." चाचा विझलेल्या कंदिलाकडं बघत होते.

मला वाटलं, वाचले बिचारे. आईनं मात्र मला पेवाच्या तोंडापासून मागं ओढलं.

त्या हिवाळ्यात ती सारखी उठून आमच्या तोंडावरची पांघरुणं खाली ओढायची. आता नातवंडांची मी ओढते.