पत्र्यावरचं डेन्मार्कचं निशाण

समुद्र मी तोवर पाहिलाही नव्हता. टेंभुर्णीजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. नोकरी कच्ची होती, आणि ती पक्की होणार की मी घरी जाणार हे तपासणीला येणारे दिपोटी साहेब ठरवणार होते. शहाण्या माणसाने अशा वेळी पोरांकडून पाढे घोटून घेतले असते. मी जालन्याच्या रद्दीवाल्याकडून डेन्मार्कच्या जुन्या जहाजांवरच्या निशाणांचं रंगीत पुस्तक आणलं आणि आठवडाभर तेच शिकवलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला अक्कलही नव्हती.

त्यातला एक नियम मला फार आवडला होता. राजाच्या लढाऊ जहाजाचं निशाण दोन टोकांचं, व्यापाऱ्याच्या जहाजाचं सरळ कापलेलं. बाकी दोन्ही सारखीच, लाल कापडावर पांढरी उभी-आडवी पट्टी. शिंप्याकडून दोन्ही शिवून घेतली. सरळ कापलेलं वर्गात टांगलं, दोन टोकांचं तपासणीच्या आदल्या रात्री वेळूला बांधून शाळेच्या पत्र्यावर चढवलं.

वर्गाच्या खिडकीखाली एक धनगर आजी रोज चातीवर लोकर कातत बसायची. तपासणीच्या सकाळी तिने वर पाहिलं, चपला काढल्या आणि शाळेच्या पायरीवर नारळ फोडला. झालं! नेमका बाजाराचा दिवस. आमच्याकडे देवळाच्या निशाणालाही दोन टोकं असतात, त्यामुळे आजीचं पाहून बाजारकरूंनी रांगच लावली. दहा वाजता माझा अख्खा वर्ग तोंडात खोबरं कोंबून बसला होता.

साहेब आले. त्यांनीही बूट काढले, हात जोडले आणि विचारलं, "कोणत्या देवाचं ठाणं?"

"डेन्मार्कच्या आरमाराचं, साहेब."

जोडलेले हात सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते तणतणत वर्गात शिरले आणि भिंतीवरच्या निशाणाकडे बोट दाखवून गरजले, "हे आणि वरचं, फरक काय?"

पोरं नुसती चावत राहिली. मला खरंच रडू येत होतं.

तेवढ्यात खिडकीतून आजीचा आवाज आला. "दोन टोकाचं राजाच्या जहाजाचं, सायेब. अन् हे सरळ हाय ते वाण्याचं. आठ दिस झाले, मास्तर हेच सांगून राह्यला."

साहेब पोट धरून हसले. शेरा लिहिला, 'शिकवणे खिडकीबाहेरपर्यंत पोचते.' नोकरी पक्की झाली.

पहिला नारळ आजीचा हे मी सांगितलं, तेव्हा जाताना ते तिच्यापाशी थांबले. "ते देवाचं नाही हे ठाऊक होतं, तर नारळ कशाला फोडला?"

आजीने चाती थांबवली नाही. "राजाचं व्हतं म्हून. वाण्याचं अस्तं तर कायला खर्चा केला अस्ता?"