उसातली चूल

बारामतीला एसटीतून उतरले तेव्हा अंगावर इतकी धूळ, की सख्ख्या बहिणीनं मला ओळखलं नाही! घर बदलायची धांदल टाकून आले होते, त्याचं हे स्वागत. ही माझी बहीण मंदा पॅसिफिकच्या बेटांवर जुन्या वस्त्या उकरून नुकतीच परतली होती, आणि आता लासुर्ण्याजवळ तात्या नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातलं टेकाड उकरत होती. मी मात्र हुरडा खायला आले होते, हं.

अशा टेकाडाला तिथं पांढरी (जुन्या वस्तीची राखाडी, भुसभुशीत माती) म्हणतात. तात्यांना ती सपाट करून ऊस लावायचा होता. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर येणार, आणि नेमकी मी पोचले त्याच सकाळी खड्ड्यात, पार तळाशी, मंदाला तीन दगडांची चूल सापडलेली. हजारो वर्षांपूर्वीची! बाईसाहेब रडकुंडीला आल्या होत्या.

"ताई, एवढा तुकडा सोडा म्हणते, तर ऐकत नाहीत गं."

"मेंढरं इकून शेतीला लागलो, ते काय रान पडीक ठिवाया?" तात्या वैतागले. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

दुपारी त्यांची आई हुरडा आणि लसणाची चटणी घेऊन आली. मी भांडण विसरून हादडायला बसले. मंदा आजींना बेटांवरच्या माणसांचं सांगत होती: नवं बेट गाठायला निघाली, की होडीत डुकरं, कोंबड्या, कंद, सगळा संसार घ्यायची.

"मंजी आमच्यावाणीच की! मेंढरं घिऊन फिरायचो तवा आमच्या कोंबड्या घोड्यावर. आन् त्यातच हा तात्या बांधलेला."

तात्या चक्क लाजले. आजी हसत हसत खड्ड्याशी गेल्या आणि वाकून चूल बघू लागल्या.

"दगड जाग्यावर हायती," त्या म्हणाल्या. "आमचा वाडा (मेंढपाळांचा तळ) उठला, की आमी चूल मोडत न्हवतो. मागनं येणारीला आयती मिळावी म्हून. हिनंबी तसंच ठिवलंय बघ." मग लेकाकडं वळल्या. "तात्या, तुझं दूध मी असल्याच कुणाच्या तरी चुलीवर तापवलंय. मोडायची हाय व्हय ती?"

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरपुढं स्वतः चालत तात्यांनी खड्ड्याभोवतीचा तुकडा वगळून बाकीचं रान सपाट करून घेतलं. मंदानं चूल होती तशी ठेवून, ती जपायला वर माती ओढली. ती रडली, बावळट. मीही रडले.

पुण्यात परतल्यावर आम्ही जुनी जागा सोडली. सामान टेम्पोत चढलं, तरी ओट्यावर मी काडेपेटी आणि चहा-साखरेच्या पुड्या तशाच ठेवल्या.

"हे कुणासाठी?" नवऱ्यानं विचारलं.

"मागनं येणारीसाठी," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.