गाडीतला फ्रीज

आमच्या कॅम्पर गाडीतल्या जुन्या फ्रीजचा हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. बाहेर मे महिन्याचं ऊन, पुढचं गाव लांब, आणि आत ह्यांचं इन्सुलिन.

तरुणपणीची मी असते, तर पदर खोचून फ्रीजला एक धपाटा घातला असता. रेडिओ, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांना मी असंच वळण लावायचे. एखादं यंत्र आपसूक सुरू झालं की शेजारणींना सांगत सुटायचे, “माझ्या हाताला गुण आहे हो!” केवढी ती इंजिनीअरीणबाई!

“अगं, घाल की धपाटा,” हे हसत म्हणाले. कपाळावर मात्र घाम होता.

“गप्प बसा. औषध आहे आत.”

मी फ्रीजला कान लावला. घरघर थांबली होती. गेले काही दिवस तो कुरकुरत होता, आणि मी म्हणत होते, जुना झालाय, चालायचंच. जवळच्या कुरकुरीची आपल्याला किती लवकर सवय होते! हेही हल्ली सारखे “जरा दमलोय” म्हणत होते. त्यावर मी काय करायचे? चहा टाकायचे.

बाटली पिशवीत घट्ट गुंडाळून मी माठातल्या गार पाण्यात सोडली आणि ह्यांच्याजवळ जाऊन बसले.

“फ्रीज नवा घेऊ,” हे म्हणाले.

“फ्रीजचं राहू द्या. तुम्हाला काय होतंय, ते नीट सांगा.”

मला लायसन्स असूनही कधी गाडीला हात लावू न देणाऱ्या ह्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.