डाग नसलेली कॅसेट

माझ्या साडूच्या घरी, बिबवेवाडीत, टीव्हीच्या वर काचेची एक छोटी पेटी बसवलेली आहे. तिच्यात आतून दिवा लागतो. त्या दिव्याखाली टीव्ही गेमची एक निळी कॅसेट ठेवलेली असते, आणि ती खरं तर माझ्या घरी असायला हवी होती. हे मी मनात रोज म्हणतो. मोठ्यानं एकदाच म्हणालो, बायकोसमोर. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग घरी आणायची होतीत." तिच्या सख्ख्या बहिणीचं घर आहे ते, ती दुसरं काय म्हणणार.

मी जुने टीव्ही गेम जमवतो. करड्या रंगाचं यंत्र, दोन कंट्रोल आणि वरून खोचायची कॅसेट. बाहेरच्या देशांत तिला वेगळं नाव असेल, पण आम्ही सगळे तिला कॅसेटच म्हणत आलो. मी सुरुवात केली तेव्हा या वस्तूंना पुण्यात कोणी विचारत नव्हतं. रविवारी सकाळी जुन्या बाजारात जायचं, गंजक्या नळांच्या आणि रिमोटांच्या ढिगात हात घालायचा आणि चहाच्या पैशात कॅसेट घेऊन यायची. खोका मिळवणं त्याहून सोपं होतं, कारण आपल्याकडे खोका कोणी टाकत नाही. घर बदलताना लागेल म्हणून तो माळ्यावर जातो आणि मग त्यात दिवाळीच्या दिव्यांच्या माळा राहतात. ओळखीच्यांच्या माळ्यांवरून मी असे कितीतरी खोके उतरवले आणि बदल्यात त्यांना प्लास्टिकचे नवे डबे दिले. लोक खूश व्हायचे.

मग अचानक माझ्या वयाच्या लोकांचे पगार वाढले आणि त्यांना बालपण आठवायला लागलं. ज्यांच्या आयांनी हे सगळं भंगारवाल्याला दिलं होतं, ते आता फोनवरच्या ग्रुपांमध्ये 'कुणाकडे आहे का' विचारायला लागले. बघता बघता भाव चढले. पूर्वी ज्याला आम्ही नकली माल म्हणून बाजूला सारायचो, त्यालाही किंमत आली. त्यात सगळ्यात वर गेली 'दोन शिपाई'. बुधवार पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं त्या काळी एका गोळीबाराच्या गेमवर मराठीत छापलेली चिठ्ठी चिकटवून तो विकला होता. देवनागरी नाव असलेली दुसरी कॅसेट आमच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती. एक विकली गेली ती चाळीस हजारांना, तीही खोक्याशिवाय.

मला ती भावासाठी नको होती, असं म्हणालो तर अर्धं खोटं होईल. पण अर्धं खरं आहे. लहानपणी शेजाऱ्यांकडे ती होती. मी रोज खेळायला जायचो आणि मला नेहमी दुसरा कंट्रोल मिळायचा, कारण पहिला घरच्या मुलाचा. दुसऱ्या कंट्रोलवर गेम सुरू करायचं बटणच नसायचं. त्यानं सुरू केला तर मी खेळणार, त्यानं थांबवला की मी घरी जाणार. तेव्हापासून ती कॅसेट मला माझी म्हणून हवी होती.

आता साडू. पडद्यांचं दुकान आहे त्याचं. मला दादा म्हणतो, कुठेही भेटला तरी आधी हसतो. या नादाला त्याला लावलं ते मीच. कॅसेटमध्ये फुंकर मारायची नाही, थुंकीनं पिना गंजतात, कानकाडीला स्पिरिट लावून पुसायच्या, हे त्याला मी शिकवलं. खरी चिठ्ठी आणि नंतर छापलेली चिठ्ठी यातला फरक मी दाखवला. वर्षभरात त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगला माल गोळा झाला. पडदे लावायला तो लोकांच्या घरात जातो, स्टुलावर चढतो आणि माळा समोरच असतो. मी आयुष्यभर बेल वाजवून ओळख सांगत आलो, याला लोक आत बोलावून वर चहा देतात. मला हेवा वाटायचा, आणि तो लपवण्याइतका मी हुशार नव्हतो. त्यानं काही नवीन दाखवलं की मी आधी त्यातला दोष शोधायचो. तो म्हणायचा, "दादांची नजर फार बारीक." मनापासून म्हणायचा, म्हणून आणखी राग यायचा.

लोणी काळभोरच्या काकांचा पत्ता मात्र मला आधी लागला. माझ्या ऑफिसातला एक जण तिकडचा. त्याच्या लहानपणी गावात एकांनी घराच्या पुढच्या खोलीत चार टीव्ही मांडून तासावर गेम खेळायला द्यायचा धंदा केला होता, असं तो बोलता बोलता म्हणाला. कॅसेटचं नाव विचारलं तर म्हणाला, मराठीत होतं काहीतरी, शिपाई का काय. त्या शनिवारी मी सकाळीच सोलापूर रस्त्याला लागलो.

काका सत्तरीचे, उंच, धोतरावर स्वेटर घातलेले. शेती पुतण्या बघतो, हे अंगणात बसून असतात. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून फडक्यात बांधलेली कॅसेट काढून माझ्या हातात दिली. निळी, चिठ्ठी शाबूत, अक्षरं ठसठशीत. फक्त एका कोपऱ्यावर हळदीकुंकवाचे थर बसलेले होते आणि चिठ्ठीतल्या 'ई'वर लाल पसरलं होतं. दसऱ्याला खोलीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हाचं ते.

आता मी काय केलं ते सांगतो. यात माझं काय चुकलं ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. मी मंडईत भाजी घ्यायला आईचं बोट धरून शिकलो आहे. आवडलेली वस्तू आवडली असं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. वांगं उलटंपालटं करायचं, कीड शोधायची, "हे असलं?" म्हणायचं, ठेवून द्यायचं आणि चालू पडायचं. आठ-दहा पावलांवर मागून हाक येते आणि भाव खाली आलेला असतो. यात कोणाचा अपमान नसतो. विकणाऱ्यालाही हे माहीत असतं, घेणाऱ्यालाही.

मी कॅसेट उलटीपालटी केली. बोट त्या कोपऱ्यावर ठेवलं आणि म्हणालो, "काका, हा डाग पडलाय. डागामुळे हिची भंगाराचीच किंमत."

काकांनी कॅसेट परत घेतली. तेवढ्याच शांतपणे फडक्यात बांधली. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग."

मी नमस्कार केला आणि निघालो. अंगण मोठं होतं. फाटकापर्यंत हाक येईल अशी माझी खात्री होती, म्हणून चाल जरा धीमीच ठेवली. हाक आली नाही. मी मनात हिशेब केला की म्हातारा कसलेला आहे, आठ दिवस थांबू, मग थोडे वाढवून देऊ.

दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला जेवण होतं. पंगतीत साडू शेजारी बसला होता, आणि एकदा तरी माझ्याकडे त्याच्याहून वरचढ काही आहे हे त्याला कळावं असं मला फार वाटत होतं. मी सगळं सांगितलं. गाव सांगितलं, अंगण सांगितलं, पेटी सांगितली. तो श्रीखंड खायचं थांबवून ऐकत होता. "वा दादा," म्हणाला. तेव्हा मला किती बरं वाटलं होतं.

त्या आठवड्यात त्याला तिकडच्या एका वसतिगृहात पडदे लावायचं काम होतं. येताना सहज गेला, असं तो म्हणतो. तो सहज गेला हे खरंही असेल, त्याचं सगळं सहजच होतं. त्यानं कॅसेट हातात घेतली, कोपऱ्यावरचं कुंकू दिसलं तसा त्याचा हात आपोआप तिथे लागून कपाळाला गेला. त्याला विचारलं तर सांगताही येणार नाही असं त्यानं का केलं. काका म्हणाले, ती पूजा आमची मंडळी करायची. मंडळी जाऊन सहा वर्षं झाली होती. मग चहा झाला, मग जेवण झालं. निघताना काकांनी कॅसेट त्याच्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. यानं दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्या पुढच्या खोलीला पडदे लावून दिले.

हे मला बायकोकडून कळलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं. बायको म्हणाली, "बिघडलं नाहीये, दुखतंय." मी साडूला फोन करून अभिनंदन केलं आणि डाग स्पिरिटनं निघेल, पण चिठ्ठी जपा, असंही सांगितलं. तो म्हणाला, "नाही दादा, तो राहू देतो." मग ती पेटी आली, दिवा आला, आणि सणावाराला तिकडे गेलं की मला त्या दिव्यासमोर बसून जेवावं लागायचं. एकदा तर भाव पन्नास हजारांवर गेल्याचं मीच त्याला ग्रुपवर पाठवलं, नंतर दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं म्हणून.

तीन वर्षं अशी गेली. मग या उन्हाळ्यात बुधवार पेठेतल्या त्या व्यापाऱ्याच्या मुलांनी गोडाऊन रिकामं केलं आणि मागच्या भिंतीशी दोन पोती निघाली. पोत्यांत 'दोन शिपाई'. सगळ्या कोऱ्या, प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा न फोडलेल्या. ग्रुपवर हाहाकार उडाला. ज्यांनी चाळीस आणि पन्नास हजार मोजले होते ते दोन दिवस कोणाशी बोलत नव्हते. आठवड्यात कॅसेट दीडशे रुपयांवर आली. मी एक घेतली. खोटं कशाला बोलू, ती हातात आली तेव्हा मला आधी साडूचं तोंड आठवलं आणि मग गेम.

रविवारी दुपारी मी बिबवेवाडीला गेलो. कॅसेट शबनममध्ये होती. वाटेत वाक्यं जुळवत होतो, अगदी साधी, सांत्वनाची. "असं होतं कधीकधी" वगैरे. दार उघडंच होतं. मी आधी टीव्हीच्या वर पाहिलं तर काचेची पेटी रिकामी. विकली, असं माझ्या मनात आलं, पडत्या भावात घाबरून विकली. माझ्या जिवाला जो थंडावा मिळाला त्याचं मी वर्णन करणार नाही.

मग खाली पाहिलं. साडू सतरंजीवर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या शेजारी, भिंतीला टेकून, लोणी काळभोरचे काका. दोघांच्या हातात एकेक कंट्रोल. पडद्यावर दोन शिपाई पुलावरून पळत होते. पहिला कंट्रोल काकांकडे होता.

साडू म्हणाला, या दादा, बसा, काका महिन्यातून एकदा येतात, पुतण्या मार्केट यार्डात माल घेऊन येतो त्याच्या टेंपोतून. इतके महिने हे चाललं होतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काही कारणही नव्हतं म्हणा. तेवढ्यात चित्र हललं. काकांनी कॅसेट उपसली, तोंडाजवळ नेऊन जोरात फुंकर मारली आणि परत खोचली. मी साडूकडे पाहिलं. माझ्याकडून शिकलेला माणूस, पण तो कंट्रोल सावरून पुढच्या डावाला तयार बसला होता.

मी सांगून टाकलं. गोडाऊन, पोती, दीडशे रुपये. सांत्वनाची वाक्यं विसरलो, नुसता भावच सांगितला, आणि शबनममधून माझी काढून समोर धरली.

साडूनं ती पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. "दीडशेला? मग काकांच्या घरी एक होईल की. पावसाळ्यात यांना इकडे येता येत नाही." माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, अजून मिळतील का हो? चार-पाच घेऊन ठेवू."

त्याचे पन्नास हजार बुडाले होते आणि त्याला पत्ता नव्हता. म्हणजे पत्ता होता, पण ते त्याचे कधी नव्हतेच. तीन वर्षं ते मीच मोजत होतो.

काकांनी हात पुढे केला. माझी कॅसेट घेतली, डोळ्यांजवळ नेली, उलटीपालटी केली, चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. त्यांनी मला ओळखलं आहे की नाही, ते मला तोवर कळलं नव्हतं.

"लई स्वच्छ हाय," ते म्हणाले. "डाग न्हाय एक बी."

त्यांनी ती माझ्या हातात परत दिली. टोमणा होता की नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आवाजात तर काही नव्हतं.

साडू आपला कंट्रोल माझ्यापुढे करत म्हणाला, "दादा, तुम्ही बसा, मी चहा टाकतो." दुसरा कंट्रोल. पंचेचाळीस वर्षांचा झालो तरी दुसराच. मी म्हणालो, नको, मला मंडईत जायचंय, भाजी राहिली आहे. त्यानं एकदाच आग्रह केला. मी म्हणालो, खरंच नको, असल्या गेममध्ये मला आता रस राहिलेला नाही. तो बरं म्हणाला.

दाराशी येऊन मी चपला घालायला लागलो. डाव्या चपलेचा पट्टा नीट होता, तरी तो सोडवून पुन्हा लावला. मग उजव्या चपलेचाही लावला. आतून काकांच्या फुंकरीचा आवाज आला आणि नवा खेळ सुरू झाल्याची धून वाजली.